कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि पुरातत्त्व : अलीकडचे कोणते अभ्यासग्रंथ वाचावेत?

वाचनमग्न (प्रश्न)

नमस्कार.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना ते अर्पण केले. ती अर्पणपत्रिका वाचल्यापासून, ज्यांना सोडवले गेले त्या माणसांविषयी माझ्या मनात कुतूहल आहे. आजवर मी या विषयावर जे वाचले ते बहुतेक राजकीय इतिहासाचे होते : यादवी युद्ध, १८६३चा मुक्तीचा जाहीरनामा, १९५० आणि १९६०च्या दशकांतील नागरी हक्कांची चळवळ. या पुस्तकांत कायदे, भाषणे, लढाया आणि नेते भेटतात. पण मळ्यावर दिवसभर राबलेली बाई रात्री कोणत्या भांड्यात शिजवत होती, तिचे मूल गेले तर ती त्याला कशी मूठमाती देत होती, हे त्यांतून कळत नाही.

अलीकडे असे समजले की, हे प्रश्न विचारणारे पुरातत्त्वज्ञ आणि इतिहासकार गेली काही दशके सातत्याने लिहीत आहेत आणि विद्यापीठीय प्रकाशनांच्या याद्यांत या विषयाचे ग्रंथ नियमितपणे येत आहेत. ही संख्या इतकी आहे की सुरुवात कोठून करावी हेच उमगत नाही. शिवाय एक शंका मनात आहे, आणि ती मी प्रामाणिकपणे मांडतो. चार मणी आणि दोन खापरे सापडली की त्यावरून एखाद्या समाजाची श्रद्धा सांगणारे लेखन मला काही ठिकाणी दिसले. अशा निष्कर्षांवर सामान्य वाचकाने किती विश्वास ठेवावा? या ग्रंथांचा मराठीत लेखमालेतून परिचय करून देण्याचा माझा विचार आहे, म्हणून शब्दांविषयीही मार्गदर्शन हवे आहे. 'निग्रो' आणि 'हबशी' हे जुन्या मराठी पुस्तकांतले शब्द मला नकोत, पण त्यांच्या जागी काय वापरावे?

खापरखूण

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. ऐतिहासिक पुरातत्त्व हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

गुलामांच्या जीवनाचे पुरातत्त्व या उपशाखेचा आरंभ साधारणपणे १९६८ साली धरतात. त्या वर्षी चार्ल्स फेअरबँक्स यांनी फ्लोरिडातील किंग्सली मळ्यावर गुलामांच्या खोपट्यांचे उत्खनन केले. तोपर्यंत मळ्यांवरचे पुरातत्त्व म्हणजे मालकाच्या वाड्याचे पुरातत्त्व होते; वाड्याचा जिना आणि दिवाणखाना पुन्हा जसाच्या तसा उभारता यावा, एवढ्यासाठी माती उकरली जाई. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळातच पुरातत्त्वज्ञांची नजर वाड्यावरून खोपट्यांकडे वळली, हा मला योगायोग वाटत नाही. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे लेलँड फर्ग्युसन यांचा १९९२चा 'अनकॉमन ग्राउंड' हा ग्रंथ. दक्षिण कॅरोलायना आणि व्हर्जिनियात सापडणारी हाताने घडवलेली, कमी आचेवर भाजलेली साधी भांडी पूर्वी केवळ मूळनिवासी अमेरिकनांची समजली जात. त्यांतील पुष्कळशी भांडी गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांनी घडवली असावीत, अशी मांडणी फर्ग्युसन यांनी केली. त्यामुळे आपण विचारलेल्या 'कोणत्या भांड्यात' या प्रश्नासाठी पहिले पुस्तक म्हणून मी हेच सुचवीन. ते नवे नाही, पण पुढची बरीच चर्चा त्याला दुजोरा देत किंवा त्याच्याशी वाद घालत झालेली असल्यामुळे ते टाळून पुढे जाता येत नाही.

फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचा आपण उल्लेख केला, त्या अनुषंगाने एक गोष्ट सांगावीशी वाटते. सोडवणाऱ्यांचे ऋण मोठेच होते. परंतु गेल्या काही दशकांतील उत्खननांनी, ज्यांनी कोणी सोडवायला येण्याची वाट पाहिली नाही, अशा माणसांच्या वस्त्या उजेडात आणल्या आहेत, आणि माझ्या मते या साहित्याचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीनजवळचे फोर्ट मोसे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. इंग्रजांच्या कॅरोलायनातून पळून आलेल्या आणि कॅथलिक धर्म स्वीकारणाऱ्या गुलामांना स्वातंत्र्य देण्याचे फर्मान स्पेनच्या राजाने १६९३ साली काढले होते. त्याच्या आधाराने पळून आलेल्या लोकांची ही तटबंदीची वस्ती १७३८ साली वसली, आणि तिच्या लष्करी तुकडीचा नायक फ्रान्सिस्को मेनेंदेझ हा स्वतः आफ्रिकेत जन्मलेला व दास्यातून निसटलेला होता. १७४०च्या इंग्रज हल्ल्यात ही पहिली वस्ती उद्ध्वस्त झाली, १७५२ साली ती पुन्हा उभी राहिली, आणि १७६३ साली फ्लोरिडा इंग्रजांकडे गेल्यावर तेथील लोक क्यूबाला निघून गेले. १९८०च्या दशकात कॅथलीन डीगन यांनी मातीतून आणि जेन लँडर्स यांनी स्पॅनिश दफ्तरांतून या वस्तीचा शोध घेतला. दफ्तर आणि माती एकमेकांच्या शेजारी ठेवून काम कसे करावे, हे पाहायचे असेल तर या दोघींचे लेखन अवश्य वाचावे.

याउलट स्थिती ग्रेट डिस्मल स्वॅम्पची आहे. व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायनाच्या सीमेवरील या विस्तीर्ण दलदलीत पळून गेलेले लोक पिढ्यान्पिढ्या राहिले, पण शोधून काढले जाऊ नये म्हणूनच ते तेथे राहत असल्यामुळे त्यांचे दफ्तर जवळपास नाहीच. डॅनियल सेयर्स यांचा २०१४चा 'अ डेझोलेट प्लेस फॉर अ डिफायंट पीपल' हा ग्रंथ या दलदलीतील कोरड्या उंचवट्यांवरच्या उत्खननावर आधारलेला आहे. तेथे दगड नैसर्गिकरीत्या मिळत नाही. म्हणून त्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वीच्या मूळनिवासींनी मागे टाकलेली दगडी हत्यारे उचलून, पुन्हा घासून वापरली. नखाएवढ्या ढलप्यांवरून सेयर्स हे सारे मांडतात. त्यांची सैद्धांतिक प्रकरणे जड आहेत. पहिल्या वाचनात ती बाजूला ठेवून उत्खननाची प्रकरणे आधी वाचलीत तरी काही बिघडत नाही.

दफ्तरवाचक

खापरखूण यांनी मातीची बाजू सांगितली आहे. मी कागदाची बाजू सांगते, कारण आपल्या शंकेचे उत्तर मला तेथे अधिक सापडले.

गुलामगिरीची दफ्तरे जवळपास सर्वस्वी मालकांनी, व्यापाऱ्यांनी आणि सरकारी अधिकाऱ्यांनी लिहिलेली आहेत. त्यांत माणसे येतात ती मालमत्तेच्या यादीत, किमतीसह. किंवा पळून गेल्याच्या जाहिरातीत, अंगावरच्या व्रणांच्या वर्णनासह. अशा कागदांतून त्या माणसाचे आयुष्य लिहायचे तर इतिहासकाराने काय करावे, हा प्रश्न अलीकडच्या काही ग्रंथांनी फार गांभीर्याने घेतला आहे. मारिसा फुएन्तेस यांचा २०१६चा 'डिस्पझेस्ड लाइव्ह्ज' हा ग्रंथ बार्बाडोसमधील ब्रिजटाउन शहरातल्या स्त्रियांविषयी आहे. एखाद्या प्रकरणाचा आधार म्हणजे पळून गेलेल्या एका स्त्रीविषयीची चार ओळींची जाहिरात. पण त्या चार ओळींवरून फुएन्तेस ती ज्या रस्त्यांनी गेली असेल ते रस्ते, वाटेवरचा बाजार, कैदखाना आणि फाशीची जागा यांचा शहराच्या नकाशावर मागोवा घेतात. तिच्या मनात काय होते हे सांगण्याचा मोह त्या आवरतात. त्या जाहिरातीने तिला केवळ व्रणांनी ओळखले आणि आपणही तिला तेवढ्यानेच ओळखतो, ही वेदना त्या लपवत नाहीत.

टाया माइल्स यांचा 'ऑल दॅट शी कॅरीड' हा २०२१चा ग्रंथ मात्र सर्वसाधारण वाचकालाही सहज वाचता येईल. त्याला त्या वर्षीचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. एक साधी कापडी पिशवी हा त्याचा विषय आहे. दक्षिण कॅरोलायनात रोझ नावाच्या आईने आपली नऊ वर्षांची मुलगी अ‍ॅशली विकली जाताना ती तिच्या हाती दिली; तीत एक फाटका झगा, तीन मुठी पिकान (अक्रोडासारखे कवचाचे फळ) आणि आईच्या केसांची वेणी होती. हे आपल्याला ठाऊक आहे ते अ‍ॅशलीची नात रूथ मिडल्टन हिने १९२१ साली त्याच पिशवीवर सुईदोऱ्याने थोडक्या ओळींत भरून ठेवले म्हणून. माइल्स यांनी मळ्यांच्या दफ्तरांत रोझ आणि अ‍ॅशली ही दोन नावे एकत्र शोधली. त्याच वेळी झगा, पिकान, केस या एकेका वस्तूचा त्या काळच्या जीवनात काय अर्थ होता याचा इतिहास लिहिला. कागद जेथे संपतो तेथे त्या वाचकाला थांबवून सांगतात की येथून पुढे मी अंदाज करीत आहे. पुस्तक किती विश्वासार्ह आहे हे ठरवताना मी हीच कसोटी लावते.

व्हिटनी बॅटल-बॅप्टिस्ट यांचा 'ब्लॅक फेमिनिस्ट आर्किऑलॉजी' हा २०११चा छोटा ग्रंथ या दोन्ही बाजूंना जोडतो. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या टेनेसीतील हर्मिटेज मळ्यावर उत्खनन करताना त्यांनी खोपटाच्या चार भिंतींपेक्षा भोवतालच्या झाडून घेतलेल्या अंगणाकडे अधिक लक्ष दिले, कारण स्वयंपाक, धुणे, मुले सांभाळणे आणि संध्याकाळच्या गप्पा हे सारे त्या अंगणातच चाले. घर म्हणजे भिंती, असे धरून चालणाऱ्या उत्खननाच्या हातून ते अंगण सहज सुटले असते.

वाचनमग्न

दोघांचेही मनापासून आभार. अंगणाविषयीचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. तरीही माझी शंका पुरती फिटलेली नाही. न्यूयॉर्कमधील आफ्रिकी दफनभूमीत एका शवपेटीच्या झाकणावर खिळ्यांनी काढलेली आकृती सापडली आणि ती पश्चिम आफ्रिकेतील 'सांकोफा' (मागे वळून भूतकाळातले मोलाचे ते घ्यावे, अशा अर्थाचे) हे चिन्ह असल्याचे मी ठिकठिकाणी वाचले. हे सिद्ध झाले आहे काय?

खापरखूण

नाही, ते सिद्ध झालेले नाही, आणि त्या वादातून या शाखेविषयी पुष्कळ शिकता येते.

पार्श्वभूमी अशी : १९९१ साली मॅनहटनमध्ये २९० ब्रॉडवे येथे केंद्र सरकारच्या कार्यालयीन इमारतीचा पाया खणताना अठराव्या शतकातील दफनभूमी लागली. सुरुवातीचे उत्खनन बांधकामाच्या घाईने झाले, आणि शहरातील कृष्णवर्णीय समाजाने तीव्र आंदोलन केल्यावरच ते थांबले. पुढे हे काम हॉवर्ड विद्यापीठातील मायकल ब्लेकी यांच्याकडे आले. ४१९ व्यक्तींच्या अवशेषांचा अभ्यास झाला. त्यांत जवळपास निम्मी मुले होती. प्रौढांच्या हाडांवर स्नायूंच्या जोडांशी अतिश्रमाच्या खुणा होत्या. उत्तरेकडची गुलामगिरी सौम्य होती, हा समज त्या हाडांपुढे टिकत नाही. एका स्त्रीच्या कमरेभोवती शंभराहून अधिक मण्यांची माळ होती आणि तिचे पुढचे दात घासून आकार दिलेले होते. २००३ साली या सर्व अवशेषांचे सन्मानाने पुन्हा दफन झाले आणि २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक घोषित झाली.

आपण म्हणता ती आकृती १०१ क्रमांकाच्या दफनातील आहे. ती हृदयाच्या आकाराची आहे. तिला सांकोफा म्हणण्याला एरिक सीमन या इतिहासकाराने २०१० साली आक्षेप घेतला. त्या काळच्या इंग्रज-अमेरिकन शवपेट्यांवर खिळ्यांनी काढलेले हृदय सर्रास आढळते, आणि त्या काळात हे चिन्ह पश्चिम आफ्रिकेतील आकान लोकांत, म्हणजे ज्यांचे ते मानले जाते त्यांच्यात, प्रचलित असल्याचा पुरावा मिळत नाही, हे त्यांचे मुख्य मुद्दे आहेत. मला त्यांचा आक्षेप वजनदार वाटतो. पण म्हणून ते चिन्ह निरर्थक ठरत नाही. आजच्या वंशजांनी सांकोफा या अर्थाने त्याचा स्वीकार केला आणि ते स्मारकावर कोरले, हीदेखील इतिहासातील एक घटनाच आहे. फक्त ती अठराव्या शतकातील नसून आपल्या काळातील आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणारे पुस्तक निवडावे. या दफनभूमीच्या स्मृतीविषयी आंद्रेआ फ्रोने यांचा २०१५चा ग्रंथ आहे, आणि मूळ संशोधन अहवालांचे खंडही वाचनीय आहेत. फर्ग्युसन यांच्या भांड्यांविषयीही तसेच झाले. बुडाशी कोरलेल्या फुलीचा संबंध त्यांनी काँगो प्रदेशातील विश्वाची रचना दाखवणाऱ्या चिन्हाशी जोडला. नंतरच्या अभ्यासकांनी हे चित्र अधिक गुंतागुंतीचे असल्याचे दाखवले.

ब्लेकी यांनी मांडलेले एक तत्त्व येथे सांगायलाच हवे, कारण त्याने या शाखेची कार्यपद्धती बदलली. उत्खननाचा खर्च करणारा हा व्यावसायिक आश्रयदाता असतो. परंतु संशोधकाचे नैतिक उत्तरदायित्व ज्यांचे पूर्वज तेथे पुरलेले आहेत त्या वंशज-समाजाशी असते, आणि संशोधनाचे प्रश्नही त्यांच्याशी विचारविनिमय करूनच ठरवले पाहिजेत. २०११ साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ ब्लॅक आर्किऑलॉजिस्ट्स ही संस्था याच मार्गाने काम करते.

दफ्तरवाचक

याला अलीकडच्या एका संशोधनाची जोड देते. मेरीलँडमधील कॅटॉक्टिन फर्नेस या लोखंडाच्या भट्टीवर राबणाऱ्या लोकांची दफनभूमी रस्त्याच्या कामामुळे १९७९-८०च्या सुमारास खणली गेली होती. तेथील २७ व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला आणि एका खासगी वंशचाचणी संस्थेच्या माहितीसाठ्याशी तुलना केल्यावर आज हयात असलेले ४१,७९९ नातेवाईक आढळले. त्यांतील बहुसंख्य दूरचे आहेत. ज्या कुटुंबांची वंशावळ विक्रीच्या पावतीपाशी तुटते, त्यांच्यासाठी हे मोठेच आहे. पण मृतांची संमती कोणाकडून घ्यायची, आणि जिवंत नातेवाइकांना कळवायचे की नाही, कळवायचे तर कोणत्या शब्दांत, हे प्रश्न तंत्रज्ञानाने सुटणारे नाहीत. आपल्या लेखमालेत या विषयाला एक स्वतंत्र लेख द्यावा, असे सुचवते.

सागरवाट

एक पुरवणी जोडतो. वरील बहुतेक पुस्तके अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहेत, आणि तेवढ्यावर थांबलो तर प्रमाणाची कल्पना चुकते. गुलामवाहू जहाजांच्या सुमारे ३६,००० सफरींच्या नोंदींवरून अभ्यासकांनी असा अंदाज केला आहे की सुमारे सव्वा कोटी माणसांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजात चढवले गेले आणि त्यांतील एक कोटी सात लाखांच्या आसपास माणसे जिवंत उतरली. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट आणलेल्यांची संख्या चार लाखांहून कमी आहे. एकट्या ब्राझीलमध्ये ती पंचेचाळीस लाखांच्या वर जाते. रिओ दि जानेरोमधील वालोंगो धक्का, जेथे यांतील कित्येक लाख माणसे उतरवली गेली, तो २०११ साली रस्त्याखाली पुन्हा सापडला आणि २०१७ साली जागतिक वारसा ठरला. क्यूबासाठी थेरेसा सिंगल्टन यांचा 'स्लेव्हरी बिहाइंड द वॉल' हा २०१५चा ग्रंथ पाहावा : कॉफीच्या मळ्यावर गुलामांच्या झोपड्यांभोवती मालकाने उंच भिंत बांधली होती, आणि त्या भिंतीआडही लोकांनी आपले व्यवहार कसे चालू ठेवले, याचे ते बारकाईने केलेले चित्रण आहे.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे इतिहासाची सुरुवात जहाजापासून करू नये. अकिनवुमी ओगुनदिरान यांचा पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजाचा इतिहास २०२० साली आला. पुरातत्त्व, भाषा आणि मौखिक परंपरा यांच्या आधारे तो दोन हजार वर्षांचा पट मांडतो, आणि त्यात गुलामांचा व्यापार हे एक प्रकरण आहे, आरंभ नव्हे. शॅड्रेक चिरिकुरे यांचा ग्रेट झिम्बाब्वेवरील ग्रंथही वाचण्यासारखा आहे. ती दगडी नगरी आफ्रिकी लोकांनीच उभारली, हे गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९च्या उत्खननात स्पष्टपणे दाखवले असूनही ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) गोऱ्या राजवटीने ते दडपण्याचा प्रयत्न केला. घानातील ख्रिश्चनबॉर्ग किल्ल्यावर उत्खनन करणाऱ्या रेचेल एंगमन तर त्याच किल्ल्याच्या एका डॅनिश गव्हर्नरच्या आणि स्थानिक कुटुंबाच्या वंशज आहेत. व्यापार करणाऱ्यांचा वारसा आपल्याच घरात असताना संशोधन कसे करावे, हा त्यांच्या लेखनाचा विषय आहे.

दफ्तरवाचक

शब्दांविषयीचा आपला प्रश्न राहून गेला होता. समाजाचा उल्लेख करताना मी 'कृष्णवर्णीय' लिहिते; ग्रंथाचे किंवा संस्थेचे नाव असेल तर 'ब्लॅक' तसेच ठेवते; आणि विशिष्ट देशाचा संदर्भ असेल तेथे 'आफ्रिकी-अमेरिकी' किंवा 'आफ्रिकी-ब्राझिली' असे म्हणते. 'गुलाम' हा शब्द पूर्णपणे टाळता येत नाही, आणि फुल्यांमुळे मराठीत त्याला जो अर्थ आला आहे तो गमावूही नये. मात्र एखाद्या व्यक्तीविषयी लिहिताना 'रोझ ही गुलाम होती' याऐवजी 'रोझला गुलाम केले होते' असे लिहावे. क्रियापद आले की ते कोणी केले, हा प्रश्न वाक्यातच उभा राहतो. पळून जाऊन दलदलीत आणि डोंगरांत वस्ती करणाऱ्यांसाठी 'मरून' हा रूढ शब्द आहे, परंतु मराठीत त्याचा भलताच अर्थ होतो. म्हणून 'निसटून वसलेले' असे काहीतरी करावे लागेल. यापेक्षा चांगला शब्द मला अद्याप सुचलेला नाही.

वाचनमग्न

'निसटून वसलेले' हा शब्दप्रयोग मी आपल्या परवानगीने वापरीन. लेखमालेचा आरंभ माझ्या मनात मुक्तीच्या जाहीरनाम्यापासून होता. तो आता मी बदलला आहे. पहिला लेख फोर्ट मोसेवर, म्हणजे १७३८ सालावर असेल. दुसरा त्या कापडी पिशवीवर. सांकोफाचा वाद तिसऱ्या लेखात दोन्ही बाजूंसह मांडीन आणि मसुदा येथेच ठेवीन. खापरखूण, त्यातील उत्खननाचा भाग आपण तपासून द्याल का?

खापरखूण

अवश्य. मसुद्यासोबत दफन क्रमांक १०१ची आकृतीही ठेवा. खिळ्यांची मांडणी समोर असली म्हणजे वाचक आपापले मत बनवू शकतील.